वॉरिकची भट्टाचार्य इमारत : कॉलेज आणि कंपनी एकाच छताखाली

१८ फेब्रुवारी २०२० रोजी इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात एका नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. (स्पेलिंगमध्ये मधे एक ‘डब्ल्यू’ आहे, म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण ‘वॉरविक’ म्हणतात. तिथले लोक ‘वॉरिक’ म्हणतात.) उद्घाटन केले तेव्हाचे युवराज आणि आताचे राजे चार्ल्स यांनी. इमारतीचे नाव नॅशनल ऑटोमोटिव्ह इनोव्हेशन सेंटर, म्हणजे मोटारगाड्यांच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र. खर्च १५ कोटी पौंड, त्या वेळच्या दराने साधारण १,४०० कोटी रुपये. ती उभारण्यात तिघांचा वाटा होता : विद्यापीठाचा डब्ल्यूएमजी हा अभियांत्रिकी विभाग, जग्वार लँड रोव्हर ही गाड्यांची कंपनी आणि आपली टाटा मोटर्स. ब्रिटिश सरकारनेही निधी दिला.

आता वाचक म्हणतील, इंग्लंडमधल्या इमारतीची माहिती इथे कशाला? कारण असे की गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या समाजाच्या संस्थांनीही महाराष्ट्रात बऱ्याच इमारती बांधल्या. अल्हम्दुलिल्लाह, चांगलीच गोष्ट आहे. इंजिनीअरिंग, फार्मसी, पॉलिटेक्निक. लोकांनी देणग्या दिल्या, काहींनी जमिनी दिल्या, कुणी आखातात कमावलेला पैसा पाठवला. आणि जवळपास प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकावर आता ‘इंडस्ट्री टाय-अप’ हे दोन शब्द छापलेले असतात. दहावी-बारावीच्या निकालानंतर पालक ती माहितीपत्रके घेऊन शाळेत येतात आणि विचारतात, “टीचर, ये टाय-अप क्या होता है?” प्रश्न साधा आहे. उत्तर द्यायला वॉरिकचे उदाहरण फार उपयोगी पडते, कारण तिथे टाय-अप आधी झाले आणि इमारत चाळीस वर्षांनी उभी राहिली.

इमारतीत आहे काय?

वॉरिक विद्यापीठ १९६५ मध्ये कॉव्हेंट्री शहराच्या कडेला सुरू झाले. कॉव्हेंट्री म्हणजे ब्रिटनचे पिंपरी-चिंचवड समजा. जग्वार, ट्रायम्फ, हिलमन या गाड्या याच शहरातल्या. नवी इमारत विद्यापीठाच्या आवारातच आहे. क्षेत्रफळ सुमारे ३३,००० चौरस मीटर. वर लाकडी तुळयांच्या जाळीचे मोठे छत आहे आणि आत सुमारे एक हजार माणसे काम करू शकतील एवढी जागा. त्यात गाड्यांचे डिझाइन स्टुडिओ आहेत, इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटारींवर काम करायच्या प्रयोगशाळा आहेत, मोठा वर्कशॉप आहे.

पण यंत्रांची यादी वाचून खरी गोष्ट कळत नाही. खरी गोष्ट ही की तिथे बसतात कोण. जग्वार लँड रोव्हरचे संशोधन करणारे इंजिनीअर, टाटा मोटर्सचे इंजिनीअर आणि विद्यापीठाचे प्राध्यापक-संशोधक, तिघेही एकाच इमारतीत रोज कामाला येतात. कंपनीचा माणूस वर्षातून एकदा ‘गेस्ट लेक्चर’ द्यायला येऊन, शाल-श्रीफळ घेऊन, फोटो काढून जात नाही. त्याचे टेबलच तिथे आहे. त्याला बॅटरी तापण्याचा प्रश्न पडला तर त्यावर पीएच.डी. करणारा विद्यार्थी दोन दालने सोडून बसलेला असतो. चहाच्या रांगेतही दोघे भेटतात.

उद्घाटनानंतर जेमतेम महिन्याभरात, २३ मार्चला, ब्रिटनमध्ये लॉकडाऊन लागला. एवढी मोठी नवी इमारत आणि आत माणसेच नाहीत. पण या तिघांचे नाते त्या इमारतीवर अवलंबून नव्हते. ते त्याच्या कितीतरी आधीचे होते.

ल्युकासचा शिकाऊ पोरगा

इमारतीला प्रोफेसर लॉर्ड भट्टाचार्य यांचे नाव दिले आहे. कुमार भट्टाचार्य हे बंगाली. आयआयटी खरगपूरमधून मेकॅनिकल इंजिनीअर झाले आणि १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले. तिथे ते थेट प्रोफेसर झाले नाहीत. बर्मिंगहॅम भागातल्या ल्युकास कंपनीत ते ग्रॅज्युएट ॲप्रेंटिस म्हणून लागले. गाड्यांचे डायनॅमो, दिवे, बॅटऱ्या बनवणारी ही तीच ल्युकास, जिचे नाव आपल्या जुन्या गॅरेजवाल्यांना तोंडपाठ आहे. कारखान्यात हात काळे केल्यानंतर बर्मिंगहॅम विद्यापीठातून एम.एस्सी. आणि पीएच.डी. केली.

आपल्याकडे उस्ताद-शागिर्द ही रीत आहे. गॅरेज असो, जरीकाम असो, सुतारकाम असो, शागिर्द आधी उस्तादाच्या हाताखाली वर्षभर हत्यारेच देत राहतो. भट्टाचार्यांची सुरुवात साधारण त्याच रीतीने झाली, फक्त त्यांच्या खिशात आयआयटीची पदवी होती. मला वाटते पुढचे सगळे यातूनच निघाले. कारखान्याच्या माणसाला कॉलेजचा कंटाळा का येतो हे त्यांना आतून माहीत होते. कॉलेज दोन वर्षांनी उत्तर देते, त्याला पुढच्या महिन्यात हवे असते. कॉलेज पेपर लिहिते, त्याला मशीन चालू हवी असते.

१९८० मध्ये ते वॉरिकला प्रोफेसर म्हणून आले आणि वॉरिक मॅन्युफॅक्चरिंग ग्रुप, म्हणजे डब्ल्यूएमजी, सुरू केला. ते वर्ष ब्रिटिश कारखान्यांसाठी फार वाईट होते. कारखाने बंद पडत होते, कामगारकपात चालू होती. त्यात त्यांनी आधी इमारत मागितली नाही. आधी कंपन्यांकडे गेले आणि त्यांच्याच नोकरीत असलेल्या तरुण इंजिनीअरांसाठी अभ्यासक्रम तयार केला. रोल्स-रॉइस, ल्युकास, ब्रिटिश लेलँड अशा कंपन्यांचे लोक तिथे शिकायला येऊ लागले. पद्धत अशी की इंजिनीअरने नोकरी सोडायची नाही. थोडे दिवस विद्यापीठात येऊन एक विषय शिकायचा, परत कंपनीत जायचे, पुन्हा यायचे. आणि प्रकल्प करायचा तो आपल्याच कारखान्यातल्या अडचणीवर. म्हणजे शिक्षण चालू असताना कंपनीची अडचणही सुटत होती. फी कंपनी भरत होती, कारण तिला फायदा दिसत होता.

आता लक्षात घ्या, इथे पहिला विद्यार्थी कोण होता? कंपनीत काम करणारा माणूस. आपल्याकडे ‘टाय-अप’चा अर्थ उलटा झाला आहे. आपली पोरे त्यांच्याकडे पाठवायची आणि त्यांनी नोकरी द्यायची, एवढाच. कंपनीला कॉलेजकडून काय मिळणार, हा प्रश्न करारात सहसा नसतोच. मग कंपनीने तरी कशाला लक्ष घालावे?

पुढे वर्षानुवर्षे हीच माणसे कंपन्यांत मोठ्या जागांवर गेली आणि संशोधनाची कामे वॉरिकलाच देऊ लागली. भट्टाचार्यांना भारत सरकारने २००२ मध्ये पद्मभूषण दिले, ब्रिटनने आधी ‘सर’ आणि मग २००४ मध्ये ‘लॉर्ड’ केले. १ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या नावाच्या इमारतीचे उद्घाटन त्यांनी पाहिले नाही.

टेल्कोचा धागा

पुणे-पिंपरीकडचे जुने लोक टाटा मोटर्सला अजून ‘टेल्को’च म्हणतात. एखाद्याचा मुलगा ‘टेल्कोत लागला’ की मोहल्ल्यात मिठाई वाटली जायची. त्या टेल्कोचा आणि वॉरिकचा संबंध असा आला.

२००५ मध्ये टाटा मोटर्सने आपले युरोपियन टेक्निकल सेंटर वॉरिक विद्यापीठाच्या आवारातच सुरू केले. तेव्हा जग्वार लँड रोव्हर टाटांची नव्हती, अमेरिकेच्या फोर्डची होती. म्हणजे टाटा आधी विद्यापीठात आले, कंपनी नंतर घेतली. २००८ मध्ये २३० कोटी डॉलर देऊन त्यांनी फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. या खरेदीच्या वेळी भट्टाचार्यांनी रतन टाटांना सल्ला दिला होता, हे जाहीर आहे. घेतल्या घेतल्या जागतिक मंदी आली, आणि हा सौदा टाटांना बुडवणार असेही बरेच जण म्हणत होते.

या टेक्निकल सेंटरमध्ये इंडिका व्हिस्टाचे इलेक्ट्रिक मॉडेल तयार झाले. आज रस्त्यावर टाटांच्या इलेक्ट्रिक गाड्या सर्रास दिसतात, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आणि जानेवारी २०१९ मध्ये बाजारात आलेली हॅरियर ही गाडी लँड रोव्हरच्या डी८ या सांगाड्यावरून विकसित केलेली आहे, पण बनते पुण्यात. कॉव्हेंट्रीच्या बाजूचे ज्ञान आणि पुण्याचे कामगार, असा हा प्रवास आहे.

इथे एक गोष्ट मनाला लागते. कॉव्हेंट्रीतही कारखाने गेलेच. जग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्यात गाड्या जुळवायचे काम २००५ मध्ये थांबले. त्याच वर्षी जवळच बर्मिंगहॅममध्ये एमजी रोव्हर बुडाली. २००६ च्या शेवटी राइटनचा प्यूजो कारखाना बंद झाला. हजारो लोकांची रोजी गेली. पण डिझाइन आणि संशोधनाचे काम त्या भागात राहिले, कारण ते करणारी माणसे आणि त्यांना शिकवणारी संस्था तिथे होती. २०२१ मध्ये कॉव्हेंट्रीत बॅटरी उत्पादनाचे तंत्र शिकण्यासाठी आणि तपासण्यासाठी सरकारी केंद्रही उघडले. आता आपला गिरणगाव आठवा. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या गेल्या, कापडाचे बरेच काम भिवंडीच्या मागांवर आले, गिरण्यांच्या जमिनीवर मॉल उभे राहिले. काम भिवंडीला आले, पण त्या कामाचे शास्त्र शिकवणारी संस्था त्याच्यामागे आली नाही. आपले जॉबर आजही कानाने माग ओळखतात. आवाज बदलला की कुठला भाग ढिला झाला हे सांगतात. हे हुनर कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

पैसा येतो तेव्हा

वॉरिकचे फक्त कौतुक केले तर माहिती अर्धवट राहील. याच विद्यापीठात १९७० मध्ये मोठे वादळ झाले होते.

विद्यापीठ सुरू होताना मोटारउद्योगातल्या बड्या लोकांचा त्यात हात होता. पहिले कुलपती म्हणून रूट्स मोटर्सचे लॉर्ड रूट्स यांचे नाव ठरले होते, पण पद घेण्याआधीच, १९६४ मध्ये, ते वारले. फेब्रुवारी १९७० मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे कार्यालय ताब्यात घेतले, तेव्हा त्यांच्या हाती काही फायली लागल्या. त्यात एक प्रकरण डेव्हिड माँटगोमेरी या अमेरिकन पाहुण्या प्राध्यापकाचे होते. ते कामगार चळवळीचे इतिहासकार. कॉव्हेंट्रीत मजूर पक्षाच्या एका सभेत ते बोलले, तर रूट्स कंपनीच्या कायदा विभागाचा माणूस त्या सभेत बसून टिपणे घेत होता आणि तो अहवाल कुलगुरूंच्या फायलीत पोचला होता. तिथेच शिकवणारे प्रसिद्ध इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी या सगळ्यावर ‘वॉरिक युनिव्हर्सिटी लिमिटेड’ असे उपरोधिक नाव देऊन पुस्तक काढले आणि पुढच्या वर्षी विद्यापीठ सोडले.

प्रश्न आजही तोच आहे. कंपनी पैसा देते, यंत्र देते, तर त्या बदल्यात काय घेते? संशोधन छापायचे की लपवायचे, पेटंट कुणाच्या नावावर, विद्यार्थ्याने प्रकल्पात काढलेली युक्ती कुणाची? डिझाइन स्टुडिओत गुप्तता लागणारच, तिथे कुणालाही फिरू देणार नाहीत, हे समजू शकते. पण मुलाच्या पदवीचा प्रकल्प कंपनीच्या कपाटात कायमचा बंद होणार असेल तर ते आधी कागदावर हवे. आपल्या संस्थांनी हा मुद्दा हलका समजू नये. वक्फ किंवा देणगीच्या जागेवर उभ्या असलेल्या प्रयोगशाळेत कंपनी येत असेल, तर जागेचा उपयोग दात्याच्या इराद्याप्रमाणे होतो आहे की नाही हे बघण्याची जबाबदारी विश्वस्तांची आहे.

भायखळा आणि माटुंगा

असे काही आपल्याकडे झालेच नाही, असे मात्र नाही. मुंबईतले व्हीजेटीआय १८८७ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचा पत्ता भायखळा होता. उद्देश उघड होता : गिरण्यांना यंत्र आणि कापड जाणणारी माणसे हवी होती. १९२३ मध्ये ते माटुंग्याला गेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग काढला, लोकांच्या तोंडी ‘यूडीसीटी’, आजचे आयसीटी. तिथेही सुरुवात कापडाच्या रसायनशास्त्रापासून झाली, कारण शहरात गिरण्या होत्या. पुढे रंग, औषधे, तेल या उद्योगांशी तिथल्या प्राध्यापकांचे इतके घट्ट नाते झाले की शिकवणारे लोक कंपन्यांचे सल्लागार आणि शिकलेले विद्यार्थी कंपन्यांचे मालक, अशी साखळी तयार झाली.

आणि भायखळ्यालाच १९३६ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची साबू सिद्दीक ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. मरहूम मोहम्मद हाजी साबू सिद्दीक यांच्या मालमत्तेचे हे फळ. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजींसाठीचा मुसाफिरखानाही त्यांच्याच नावाचा आहे. साबू सिद्दीकमध्ये आधी हातातले हुनर शिकवले, मग डिप्लोमा आला, इंजिनीअरिंगची पदवी १९८४ मध्ये. क्रम बघा, खालून वर. योगायोग म्हणजे त्याच्या एकच वर्ष आधी, १९३५ मध्ये, ख्वाजा अब्दुल हमीद यांनी सिप्ला स्थापन केली होती, तीही चालत जाता येईल इतक्या अंतरावर, बेलासिस रोडला. एका मोहल्ल्याच्या अंतरावर हुनर शिकवणारी संस्था आणि एका मुस्लिम रसायनशास्त्रज्ञाचा कारखाना. आपल्या समाजाला उद्योगाशी नाते जोडणे नवीन नाही, मधल्या काळात विसर पडला.

मराठवाड्याच्या वाचकांसाठी एक माहिती : आयसीटीने २०१८ मध्ये जालन्याला आपले आवार सुरू केले. तिथल्या पाच वर्षांच्या एकात्मिक एम.टेक. अभ्यासक्रमात शिकणे आणि उद्योगात जाऊन काम करणे अशी आलटून-पालटून रचना आहे. जालना हे स्टील आणि बियाण्यांचे गाव. जालना, औरंगाबाद, परभणीच्या मुलामुलींनी हा पर्याय बघायला हवा.

पालकांनी काय विचारावे

एका कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला मी गेले होते. नाव सांगत नाही. फीत कापली, तिलावत झाली, भाषणे झाली. मशीन भारी होती, आकड्यांवर चालणारी सीएनसी. दीड वर्षाने आमच्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी तिथे शिकत होता म्हणून सहज विचारले, तर म्हणाला, “टीचर, उसका कव्हर अभी निकला नहीं.” चालवणारा माणूसच नेमला नव्हता.

तेव्हापासून पालकांना मी सांगते, मशीन किती लाखांची हे विचारू नका, तिची वही मागा. प्रत्येक यंत्राची नोंदवही असते : कुठल्या तारखेला कुणी किती तास चालवली. वही भरलेली असेल तर प्रयोगशाळा जिवंत आहे. सामंजस्य करार, ज्याला एमओयू म्हणतात, तो भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो. त्याची मुदत बघा. संपलेली असते बऱ्याचदा. त्यातून गेल्या वर्षी किती मुलांनी प्रत्यक्ष काम केले, कुठल्या खात्यात, विद्यावेतन मिळाले का, हे विचारा. ‘सर्वांत मोठे पॅकेज’ एका मुलाचे असते. मधल्या मुलाला काय मिळाले ते विचारा, कारण तुमचा मुलगा बहुधा मधलाच असणार आणि त्यात वाईट काही नाही.

मान्यतेचाही एक घोळ आहे. नॅक ही श्रेणी पूर्ण कॉलेजला मिळते, एनबीए मात्र एकेका शाखेला मिळते. ‘आमचे कॉलेज एनबीए’ असे कुणी म्हणाले तर विचारा, कुठली शाखा, आणि कुठल्या वर्षापर्यंत? मेकॅनिकलला असेल आणि तुम्ही कॉम्प्युटरला प्रवेश घेत असाल तर त्याचा तुम्हाला उपयोग नाही. शिकवणाऱ्यांत कारखान्यातून आलेले कुणी आहे का, हेही पाहावे. यूजीसीने २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ अशी सोय केली आहे. पीएच.डी. नसली तरी उद्योगातला अनुभवी माणूस ठरावीक काळासाठी विद्यार्थ्यांना शिकवू शकतो.

मुलींबद्दल वेगळे बोलायला हवे. मुलगी इंजिनीअरिंगला जाते, मार्क चांगले पाडते आणि सहाव्या सेमिस्टरला इंटर्नशिप आली की घरचे म्हणतात, एमआयडीसी लांब आहे, बस नाही, शिफ्ट सुटायला उशीर होतो, जाऊ नको. मग ती कुठल्यातरी ओळखीच्या दुकानाचे प्रमाणपत्र आणून जोडते. आई-बापांची काळजी खोटी नाही. पण नुकसान होते ते मुलीचेच. वॉरिकसारखी रचना, म्हणजे कंपनीचे खरे काम कॉलेजच्या आवारात येणे, आपल्या मुलींसाठी सर्वांत जास्त कामाची आहे. मुलगी नेहमीच्या कॉलेजला जाते आणि काम मात्र कंपनीचे शिकते. संस्थाचालकांनी निदान एवढ्यासाठी तरी एखाद्या कंपनीला आवारात दोन खोल्या द्याव्यात. (लेथवर काम करताना स्कार्फ अडचण नाही. टोके आत खोचलेली हवीत, बाह्या आवळलेल्या हव्यात. हाच नियम मुलांच्या सैल शर्टालाही आहे.)

संस्थाचालकांसाठी एक कायद्याची बाब. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या नफ्याच्या किंवा उलाढालीच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण आणि कौशल्य प्रशिक्षण त्यात बसते. पण अर्ज इमारतीसाठी करण्यापेक्षा एखाद्या ठरावीक कामासाठी करावा. उदाहरणार्थ भिवंडी किंवा मालेगावचे कॉलेज असेल तर मागाची वीज कशी वाचवायची, जुन्या मागावर सेन्सर कसे बसवायचे, हा विषय घ्यावा. प्रश्न गेटाबाहेरच आहे, उस्ताद जॉबर गेटाबाहेरच आहेत. त्यांना आठवड्यातून एक दिवस वर्गात बोलवायला करारही लागत नाही, मानधन मात्र द्यावे.

आणि ज्यांची पदवी किंवा डिप्लोमा झाला आहे, त्यांनी ॲप्रेंटिसशिप विसरू नये. कायदा १९६१ चा आहे, १९७३ च्या दुरुस्तीने त्यात इंजिनीअरिंगचे पदवीधर आणि डिप्लोमाधारकही आले. पास झाल्यावर एक वर्ष कंपनीत प्रशिक्षण, दरमहा विद्यावेतन, शेवटी केंद्र सरकारचे प्रमाणपत्र. किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते, म्हणून छोट्या कंपनीलाही ते परवडते. नोंदणी ‘नॅट्स’ या सरकारी पोर्टलवर स्वतः करता येते, त्याला फी नाही. पश्चिम विभागाचे कार्यालय मुंबईत आहे. नोंदणी करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आधार, गुणपत्रिका आणि बँकेचे पासबुक जवळ ठेवून मुलाने किंवा मुलीने स्वतःच फॉर्म भरावा.